रात्रीची वही आधी, मशीन नंतर

लकवा झालेल्या माणसाला बघायला पाहुणे येतात, आणि घरातलं कुणीतरी समाधानानं सांगतं, "हात अजून उचलत नाही, पण झोप मात्र गाढ लागते. घोरणं तर पार ओसरीपर्यंत ऐकू येतं." माझ्या वडिलांबद्दल हे वाक्य मी सात-आठ महिने सांगत होतो. घोरता घोरता मधेच एकदम शांतता व्हायची. आम्हाला वाटायचं, बरं झालं, थांबलं एकदाचं. थांबलेला असायचा तो श्वास.

याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागं सरकते आणि हवेची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी तीस-चाळीस सेकंद. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, माणूस मोठ्यानं श्वास ओढतो आणि परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. पक्षाघातात हातापायासारखेच घशाचे स्नायूही कमजोर होऊ शकतात, त्यात माणूस रात्रभर उताणा पडून असतो. पक्षाघात झालेल्यांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली हिशेब मांडला गेला, तेव्हा शंभरातल्या सुमारे ७२ जणांचा श्वास तासाला पाचापेक्षा जास्त वेळा अडकत असल्याचं दिसलं. श्वास अडकला की दर वेळी रक्तदाब उसळतो. म्हणजे दिवसा तीन गोळ्या घेऊन जो बीपी खाली आणायचा, तो रात्री पुन्हा वर जातो.

आमच्या सास्तूर गावात हा विषय काढायला एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत, भूकंपानं हे गाव, शेजारचं होळी, राजेगाव आणि पलीकडचं किल्लारी झोपेतच गाडलं. तेव्हा तिशीत असलेली आणि वाचलेली माणसं आता साठी ओलांडून गेली आहेत. हेच वय बीपीचं, साखरेचं आणि वारं जाण्याचं. भूकंपानंतर उभं राहिलेलं स्पर्श ग्रामीण रुग्णालय गावात असल्यानं बीपी-साखर तपासणं आणि पुढची चिठ्ठी घेणं यासाठी लांब जावं लागत नाही. पण झोपेची तपासणी, श्वासाचं मशीन, मास्क म्हटलं की लातूर किंवा सोलापूर गाठायचं. इथूनच खर्च सुरू होतो, आणि खर्चाचा क्रम चुकायलाही इथूनच सुरुवात होते.

आमचा क्रम चुकला. एका दुकानदारानं वर्णन ऐकलं आणि तपासणीशिवाय मशीन गळ्यात मारलं. वडिलांनी ते अकरा रात्री लावलं. नंतर ते कपाटात गेलं. पैसे सोयाबीनचे होते. म्हणून खालचे आकडे सांगताना मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारणार आहे: हा पैसा आत्ताच घालायचा, की आधीची पायरी झाल्यावर?

पहिली पायरी फुकट आहे

एक साधी वही घ्या. तीन रात्री घरातल्या कुणीतरी तासभर जागं राहायचं, शक्यतो पहाटेच्या बाजूला, कारण पहाटे हा त्रास वाढलेला सापडतो. श्वास किती वेळा थांबला आणि थांबला तेव्हा मनातल्या मनात किती आकडे मोजून झाले, ते लिहायचं. उताणं असताना जास्त होतं की कुशीवर, तेही लिहायचं. फोनवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, पांघरूण छातीखाली ठेवून, म्हणजे छाती-पोट हलतंय आणि तरी नाकातोंडातून आवाज नाही, हे दिसेल. डॉक्टरांना दहा मिनिटं समजावून सांगण्यापेक्षा हा व्हिडिओ जास्त बोलतो.

दिवसाच्या नोंदी वेगळ्या. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. रात्री लघवीला तीन-चारदा उठणं. जेवताना किंवा व्यायाम करून घेताना डुलकी. औषधं वेळेवर असूनही न उतरणारा बीपी. गळ्याचा घेर शर्टाच्या पट्टीपाशी ४० सेंटीमीटरच्या वर. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर थांबू नका. मात्र पक्षाघातानंतर बऱ्याच जणांना श्वास अडकत असूनही दिवसा झोप येत नाही, आणि ज्यांची वाचा गेली आहे ते सांगू शकत नाहीत. म्हणून "दिवसा तर जागे असतात" यावर विसंबू नये. वही महत्त्वाची ती त्यासाठी.

याच पायरीवर एक उपायही फुकट होतो. रुग्णाला उताणं झोपू देऊ नका. चांगल्या बाजूच्या कुशीवर वळवा, पाठीमागं घट्ट गुंडाळलेली वाकळ लावा, दुबळा हात पुढं उशीवर ठेवा. दुबळ्या बाजूवर झोपवायचं असेल तर खांदा अंगाखाली दबत नाही हे पाहा. तो खांदा आधीच निसटू पाहत असतो. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. दारू आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली झोपेची गोळी बंद, कारण दोन्हींमुळं घसा आणखी ढिला पडतो. काहींचा त्रास एवढ्यानं बराच कमी होतो. ज्यांचा होत नाही, त्यांच्यासाठी पुढचं.

तपासणी: आठ ते वीस हजार, आणि त्याहून कमीत कधी

झोपेच्या पूर्ण तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. रात्रभर दवाखान्यात झोपायचं. डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून मेंदूची झोप, श्वास, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके नोंदले जातात. महाराष्ट्रातल्या शहरांत खासगीत याला ढोबळमानानं आठ ते वीस हजार पडतात. घरी नेऊन लावायचं छोटं यंत्रही मिळतं, त्याला चार ते आठ हजार. तंत्रज्ञ गावापर्यंत येणार असेल तर त्याचा जाण्यायेण्याचा खर्च वेगळा विचारून घ्या.

स्वस्त पडतं म्हणून सरळ घरचं यंत्र घ्यावंसं वाटतं, आणि सास्तूरहून लातूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, सोलापूर त्याच्या दुप्पट लांब, हे धरलं तर ते सोयीचंही वाटतं. पण झोपविकारतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेनं २०१७ साली स्पष्ट सांगितलं आहे की पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी घरच्या यंत्रापेक्षा पूर्ण तपासणी करावी. यामागचं कारण सामान्य माणसालाही पटेल असं आहे. पक्षाघातानंतर काहींचा श्वास घसा बंद झाल्यानं अडकत नाही, मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला विसरतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे. छोट्या यंत्राला हा फरक नेहमीच नीट ओळखता येत नाही, आणि झोप किती लागली हे ते मोजतच नाही, म्हणून त्रास कमी दाखवतं. रुग्ण अंथरुणाला खिळलेला आहे, गाडीत घालून नेणंच शक्य नाही, अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून घरची तपासणी करायला हरकत नाही. कसली तरी तपासणी ही अजिबात नसण्यापेक्षा बरी. फक्त तिच्यात "त्रास नाही" असं आलं तर त्यावर विषय संपवू नका.

नाव नोंदवताना एक गोष्ट आवर्जून विचारा: एकाच रात्रीत अर्धी रात्र तपासणी आणि त्रास जास्त दिसला तर उरलेली रात्र मशीन लावून दाब ठरवणं, असं करता का? काही ठिकाणी या दोन कामांसाठी दोन रात्रींचे पैसे लागतात. हा एक प्रश्न आठ-दहा हजार वाचवू शकतो. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आणि सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात श्वसनविकार विभागात आधी चौकशी करा. ही सोय त्या वेळी चालू आहे का आणि थांबावं किती लागेल, हे निघण्याआधी फोनवरच विचारून घ्या. लकव्याचा माणूस घेऊन गेलेली एक फेरी वाया जाते तेव्हा पैशांसोबत घरच्यांची उमेदही जाते.

फेरीचा हिशेब असा. गाडी केली तर लातूरला जाऊन-येऊन दोन-अडीच हजार. एसटीनं एका बाजूचं तिकीट शंभराच्या आसपास, पण महिलांना अर्धं, ६५ ते ७५ वयाला अर्धं आणि ७५ च्या पुढं फुकट. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ७५ टक्के सवलत. तपासणीचा अहवाल आणायला रुग्णाला नेऊ नका, सोबत्यानं एकट्यानं जावं.

अहवालात एक आकडा शोधा, तासाला श्वास किती वेळा अडकला किंवा उथळ झाला त्याचा. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. शिवाय ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला ते. पक्षाघाताच्या पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा फुगलेला असतो आणि काहींचा पुढच्या महिन्यांत आपोआप उतरतो. म्हणून तपासणी लगेच झाली असेल तर कायमचं मशीन घेण्याआधी तीनेक महिन्यांनी पुन्हा बघायला हवं का, हे डॉक्टरांना विचारा.

मशीन काय देतं आणि काय देत नाही

मशीनचं नाव सीपॅप. नाकावरच्या मास्कमधून ते हलक्या दाबानं हवा सोडत राहतं, त्यामुळं घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगासमोर मांडला. यानं श्वास अडकणं थांबतं, झोप सुधारते, बीपी थोडा उतरतो. अंगात तरतरी आली की व्यायामातही मन लागतं. पण "हे लावलं की दुसरा झटका येणार नाही" असं कुणी सांगितलं तर त्यावर पैसे सोडू नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकार किंवा पक्षाघाताचे सुमारे २,७०० रुग्ण होते, भारतातलेही होते. सीपॅपनं त्यांचे पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. झोप आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्या रुग्णांनी मशीन रात्री सरासरी सव्वातीन तासच लावलं होतं, हेही त्याच अभ्यासात आहे. झटका टाळायचा मुख्य आधार म्हणजे बीपीच्या, साखरेच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. मशीनच्या हप्त्यासाठी गोळ्यांत काटकसर कराल तर नुकसानच होईल.

किमती अशा. एकाच दाबाचं साधं मशीन वीस ते पस्तीस हजार. दाब आपोआप कमी-जास्त करणारं ऑटो तीस ते सत्तर हजार. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं बायपॅप चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढं, पण ते डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. चाळीस हजार म्हणजे २०२५-२६ च्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावानंसुद्धा साडेसात क्विंटल सोयाबीन, आणि बाजारात हमीभाव मिळतोच असं नाही. म्हणून मी हात जोडून सांगतो, पहिले एक-दोन महिने भाड्यानं घ्या. महिन्याला तीन ते सहा हजार भाडं, पाच-दहा हजार अनामत. अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि पुढं तेच मशीन घेतलं तर भाडं किमतीतून वजा होणार का, हे पावतीवर लिहून घ्या. मशीन किती तास लावलं याची नोंद त्यातच राहते. आठवड्यातल्या पाच रात्री चार तासांवर वापर गेला, तर विकत घ्या. नाही गेला, तर परत करा. त्यात कमीपणा कसला? डॉक्टरांकडं जाऊन दुसरा मार्ग विचारायचा.

मास्क भाड्यानं घ्यायचा नाही, तो स्वतःचाच. नाकावरचा तीन ते सहा हजार, नाक-तोंड झाकणारा पाच ते दहा हजार. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत खरी परीक्षा इथं आहे, आणि दुकानात ती कुणी घेत नाही. तोंडाची एक बाजू लोंबत असेल तर तिकडून हवा गळते. ते दुकानात बसून पाहायचं नाही. आडवं झोपवून, मशीन चालू करून पाहायचं. दुसरी गोष्ट, एका हातानं मास्क काढता येतो का? हे तिथंच रुग्णाला करायला लावा. उलटी झाली, गुदमरलं, आणि तोंड झाकणारा मास्क त्याला स्वतः ओढता आला नाही तर जिवावर बेतेल. ज्यांना गिळायला त्रास होतो, पाणी पिताना ठसका लागतो, नाकात नळी आहे, त्यांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय तसा मास्क घेऊच नये. तिसरी, काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. एका हातानं लावायला ती सोपी, पण पेसमेकर असेल किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीला धातूची क्लिप असेल तर असा मास्क चालत नाही. घरात मास्क लावून देणाऱ्याच्या अंगातही असं काही नको.

न बसणारा मास्क सात दिवसांत बदलून मिळेल, एवढं लिहून देणारा दुकानदार पाचशे रुपये महाग असला तरी तोच निवडावा.

जिथं पैसे बुडतात

कोरोनात अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आलं. "मशीन तर घरात आहेच, तेच लावू" असं म्हणून रात्री ते लावलं जातं. घसा बंद असताना नाकाशी कितीही ऑक्सिजन सोडला तरी वाट उघडत नाही. काही रुग्णांत तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड वाढून धोका होतो. हे सीपॅपचं काम करत नाही.

जुनं मशीन अर्ध्या किमतीत मिळतं. घ्यायचं असेल तर कंपनीच्या सेवा केंद्राकडून तपासून, किती तास चाललं आहे ते पाहून, मास्क आणि नळी नवीन घालूनच. फिलिप्स कंपनीनं जून २०२१ मध्ये आतल्या आवाज कमी करणाऱ्या फोममुळं आपली बरीच मशीनं परत बोलावली होती. एप्रिल २०२१ पर्यंत बनलेलं त्या कंपनीचं मशीन कुणी देऊ केलं, तर परत बोलावलेल्यांत त्याचा क्रमांक होता का, आणि फोम बदलल्याचा कागद आहे का, हे पाहिल्याशिवाय हात लावू नका. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण दाब कोण बसवून देणार आणि बिघडलं तर पार्सल कुणाकडं पाठवायचं, याचं उत्तर आधी मिळवा. पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलावर जुना दर लावलेला नाही ना ते पाहा.

दातांच्या डॉक्टरांकडून जबडा पुढं धरणारं साधन करून मिळतं, पंधरा ते चाळीस हजारांत. सौम्य-मध्यम त्रास असेल आणि दात भक्कम असतील तरच त्याचा विचार. साठी-सत्तरीतल्या बहुतेकांच्या तोंडात तेवढे दात नसतात.

योजना आणि विमा

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचं. घरी न्यायच्या सीपॅपचे पैसे त्यातून मिळतील असं धरून चालू नका. उपयोग असा करा की पक्षाघाताचा उपचार योजनेतून होईल आणि घरचा रोख पैसा तपासणी-मशीनसाठी उरेल. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. खासगी आरोग्य विम्यात सीपॅप यंत्र साधारणपणे वगळलेल्या वस्तूंत असतं. केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि माजी सैनिक यांना मात्र त्यांच्या आरोग्य योजनांतून, आधी मंजुरी घेतल्यास, खर्च परत मिळू शकतो. आपल्या भागात माजी सैनिकांची घरं आहेत. त्यांनी मंजुरीआधी खरेदी करू नये.

हातपाय कायमचे अधू राहिले असतील तर दिव्यांग प्रमाणपत्र काढाच. ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल तर संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना आता महिना २,५०० रुपये आहेत. मशीनचा वर्षाचा देखभाल खर्च त्यात निघून वर उरतं.

तो देखभाल खर्चही आधीच मनाशी धरा. मास्कची गादी, गाळणी, नळी मिळून वर्षाला तीन ते पाच हजार. सोयाबीन-तुरीच्या भुसकटाच्या दिवसांत आणि उन्हाळी धुळीत गाळणी लवकर काळी पडते, ती महिन्याची वाट न पाहता बदला. मास्क रोज साध्या साबणानं धुवायचा, नळी आठवड्याला. ओलावा देणारी टाकी असेल तर तीत डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं क्षाराचं पाणी नको. वीज फार खात नाही: आठ तासांना अर्ध्या युनिटच्या आत, म्हणजे महिन्याला शंभर-दीडशे रुपये. लाइट गेली की मास्कमधून हवा थांबते, म्हणून इन्व्हर्टर असेल तर त्याची एक लाइन मशीनच्या पॉइंटला घ्या. पाणी गरम करणारी टाकी बंद ठेवली तर चांगल्या बॅटरीवर रात्र सहज निघते. निव्वळ या मशीनसाठी वीस हजारांचा नवा इन्व्हर्टर घेण्याआधी मात्र लाइट रात्री खरंच किती वेळ जाते ते वहीत लिहा.

सगळं जोडून पाहिलं तर: तपासणीपर्यंत थांबलात तर बारा ते पंचवीस हजार. दोन महिने भाड्यानं वापरून पाहिलंत, मास्क धरून, तर त्यावर दहा ते वीस हजार. मग विकत घेतलंत तर वर आणखी वीस ते सत्तर. आम्ही शेवटचा आकडा पहिल्यांदा भरला होता.

वडिलांची तपासणी पुढं रीतसर झाली. मास्क बदलला, दाब बदलला. पहिले पंधरा दिवस आईनं त्यांना दुपारी टीव्हीसमोर बसवून अर्धा-अर्धा तास मास्क लावायची सवय केली. रात्री त्यांच्या चालत्या हाताशी दोरीनं एक बैलाची घंटी बांधली, मास्क काढायचा असला की वाजवायला. आता ते पाच तास लावतात. घंटी अजून तिथंच आहे.